नव्याण्णव

काजूचा चीक बोटांवरून उतरायला
पंधरा दिवस लागतात.
कातडं आपणहून सुटतं, घाई केली तर खालचं लाल दिसतं.
पतपेढीचं पत्र आलं तेव्हा
हातात होते नऊ.

खोबरेल झालं. लिंबू झालं. रॉकेल झालं.
शेजारच्या प्रमिलाकाकीने चुलीतली राख दिली,
तिने तर आणखीच काळी झाली.
आरवलीच्या कारखान्यात सुट्टीभर बिया फोडल्या होत्या,
त्याच पैशांतून ड्रेस शिवला,
आकाशी,
म्हणजे बोटं जास्तच उठून दिसतील असा.
हे शिवून झाल्यावर कळलं.

सँडल मामेबहिणीची, एक नंबर मोठी,
पुढे कापूस कोंबलेला.
एस.टी.त खिडकी सोडून बसले: केस, धूळ.
मोचेमाडच्या उतारावर पुन्हा पाठ केलं,
"नमस्कार, मी हेमांगी गुरुनाथ आरोलकर."
एकदा हसून.
एकदा न हसता.
एकदा बाजूच्या म्हाताऱ्या गाबतिणीकडे बघून.
ती टोपली सावरत म्हणाली,
"नाव बरां आसा गे.
पण हळू बोललंस तर बांगडे कोण घेतलो?"

वेंगुर्ल्याच्या त्या खोलीत तिघे.
भिंतीवर संस्थापकांचा फोटो, हार घातलेला,
सगळ्यांत आधी त्यानेच मला पाहिलं.
मी बसले. हात टेबलाखाली, मांडीत घट्ट.
उत्तरं येत होती: चक्रवाढ व्याज, थकबाकी, जामीनदार.
हात तेवढे वर येत नव्हते.

टोकाच्या खुर्चीतल्या बाईंनी इतका वेळ
काहीच विचारलं नव्हतं.
त्यांनी नोटांचं एक पुडकं सरकवलं.
"मोजा."

दहा काळी बोटं टेबलावर आली.
कुणीतरी खोकलं.
पुढचं मला ऐकू आलं नाही.
गर अख्खा निघाला पाहिजे, तुकडा पडला की भाव पडतो,
एवढंच बोटांना शिकवलेलं होतं,
ती तशीच चालली,
कोपरा, कोपरा, कोपरा.
"नव्याण्णव."

अध्यक्ष हसले. बँकेतून आलेलं पुडकं आहे, शंभरच असणार.
"नव्याण्णव," मी म्हटलं,
बांगडे विकल्यासारखं.
मग त्यांनी मोजल्या, थुंकी लावून, ओठ हलवत.
अठ्ठ्याण्णव.
मग बाईंनी मोजल्या
आणि अध्यक्षांकडे न बघता कागदावर काहीतरी लिहिलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं दिसलं असतं.
नोकरी कुडाळच्या एका मुलाला लागली.
इस्त्री छान होती त्याची. बाकावर बसून मीही पाहिली होती.
अडीच महिन्यांनी तो गोव्याला गेला
आणि मला बोलावणं आलं. तोवर बोटं
नव्या कातडीची, कुणाचीही असावीत तशी.
पहिल्याच दिवशी बाबल शिपाई दारात अडवून म्हणाला,
"ते काळ्या हातांचे, ते तुम्हीच काय?"

तेवीस वर्षं झाली.
टोकाच्या खुर्चीत आता मी.
पहिल्या नजरेत माणूस कळतो म्हणतात.
मला कळते ती त्याची आदली रात्र:
कुणी पँट गादीखाली घालून झोपला,
कुणाच्या कॉलरमागे दुकानातली टाचणी तशीच राहिली,
कुणाचा भांग आईने पाडलाय, बोटभर तेल लावून.

आज शिरोड्याचा एक मुलगा आहे.
सुट्टीत मिठागरात जातो, असं अर्जात लिहिलंय.
आत आल्यापासून पावलं खुर्चीखाली ओढून बसलाय.
उत्तरं बरोबर. आवाज बारीक.
मी वाकून बघत नाही.
मिठाने टाचा कशा फुटतात ते या गावात
कुणी वाकून बघावं लागत नाही.

"मोठ्याने सांगा," मी म्हणते.
"आणि दाराशी बाबल उभे आहेत ना,
त्यांच्याकडून एक पुडकं घेऊन या."

सहा पावलं जायला. सहा यायला.
तो उठतो.

कुठलं द्यायचं ते बाबलला ठाऊक आहे.