दोन रुपयांची कोथिंबीर

बाबांच्या स्कूटरचं स्टँड ज्या दिवशी
पहिल्या झटक्यात लागायचं नाही,
त्या दिवशी आई म्हणायची, जा, कोथिंबीर आण.
फ्रिजमध्ये कालची असायची, परवाची असायची,
कागदात काळी पडलेली.
मी कधी विचारलं नाही. ऐरोली, सेक्टर तीन,
तीन मजले उतरून नाक्यावर.

हिराबाय मला पोत्यावर बसवायची.
"बस गो पोरी, वाटानं सोल."
तिच्या गिऱ्हाइकांचे किती किलो वाटाणे
मी सोलले असतील.
मग आमच्या खिडकीकडे मान वर करून
ती म्हणायची, "जा आता."
तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

घरी बाबा सोसायटीच्या पावत्या लिहीत बसलेले.
अक्षर मोत्यासारखं.
आमटीवर कोथिंबीर भरपूर.

एकदाच मी खाली गेले नाही.
दुसऱ्या मजल्यावर, घरतांच्या चपलांच्या रॅकशेजारी
नाणं मुठीत धरून उभी राहिले.
आवाज असा फार नव्हताच.
आई म्हणत होती, "हळू. हळू ना. ती येईल."
मग भांडं पडल्यासारखं काहीतरी.
भांडं नव्हतं.

"कोथिंबीर?"
"संपली होती."
ती माझ्या ओठांकडे बघत होती.
तेव्हापासून ती ओठांकडेच बघते
आणि मी तिच्या उजव्या बाजूनं चालते.

बाबा जाऊनही आता नऊ वर्षं झाली.
फोटोचा हार ती दर शनिवारी बदलते,
त्यावर आम्ही बोलत नाही.

काल वाशीला कानाच्या डॉक्टरांनी विचारलं,
डावा कधीपासून?
"लहानपणीच. ताप आला होता,"
आई इतकं सहज म्हणाली
की तो ताप मलाही आठवायला लागला.
मी म्हणाले, "दसऱ्यानंतरचा मंगळवार.
मी सहावीत होते."

डॉक्टरांचं पेन थांबलं.
आईनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

रिक्षात ती गप्प. मीही.
नाक्यावर अचानक म्हणाली, इथंच थांबवा.
आता हिराबायची सून बसते तिथं.
"म्हणजे तू जिन्यात होतीस."
मी पुढे झाले, ओठ दिसतील अशी,
आणि म्हणाले, "हो."

ती जुड्या उलटसुलट करत राहिली.
एक नाकाशी धरली, ठेवली,
दुसरीची मुळं झटकली, भाव विचारला,
भावावरून थोडं भांडलीसुद्धा.
मग पिशवीचा एक बंद माझ्या हातात देत म्हणाली,
"चल. आज खरंच नाहीये घरात."