पंचाहत्तरीच्या आत

सांग्याच्या केंद्रात नवा तक्ता आलाय.
पंचाहत्तरीच्या आत गेलेले तेवढे लिहायचे
आणि शेवटच्या रकान्यात हो किंवा नाही:
टाळता आलं असतं?

इनास कुलासो शहात्तराचा होता,
दोन महिन्यांनी मोजणीतून सुटला.

डॉक्टर म्हणाले, ह्या एका रकान्यावरून कळतं
दवाखाना कसा आहे ते.
भिंतीचा रंग नको, उद्घाटनाची समई नको,
कोण मेलं नसतं एवढंच सांगा.
मला पटलं. मी पेन्सिलीला टोक केलं.

सोयरू वेळीप, बावन्न. कुळागरात सुपाऱ्या वेचायचा.
चार दिवस ताप, चार दिवस त्याच पांढऱ्या गोळ्या.
पाचव्या दिवशी डोळे हळदीचे, लघवी बंद.
रक्त तपासायचं यंत्र होतं,
ते चालवणारी मुलगी कंत्राट संपून घरी होती.
दोन चाळीसला गाडीत घातला, बांबोळीला.
आमच्या दारातून जिवंत गेला,
अशी नोंद आहे, खाली सही माझी.
त्यांच्या दारात पोचला तेव्हा नव्हता,
अशी त्यांचीही नोंद आहे.
मधल्या रस्त्याला वही नाही.

त्या तिमाहीत आमचा आकडा शून्य.
पणजीहून कौतुकाचं पत्र आलं.
कुणीतरी दोदोल आणला, मीही खाल्ला,
दाताला चिकटला दिवसभर.

सोमवारी भागी आली, दाखल्याला.
मृत्यूचं ठिकाण? मी वर न बघता विचारलं.
‘गाडयेंत.’
गाव लागतं गो. गाडी हे ठिकाण नव्हे.

ती आठवत बसली
खिडकीतून काय काय दिसलं ते.
तिळामळ. दुकानावर टांगलेली कलिंगडं.
मग चांदरचं फाटक, बंद.
मालगाडी जात होती, डबे संपेनात,
आणि तो पाणी मागत होता.
बाटली पिशवीच्या तळाशी गेलेली.
ती सापडली, फाटकही उघडलं,
तोंड तेवढं उघडलं नाही.

दाखल्यावर मी चांदर लिहिलं.
तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

तक्ता आज परत पाठवायचाय.
शून्य मी खोडलं नाही, खोडायला मला परवानगी नाही.
पण छापील शून्याच्या पोटात बरीच जागा असते.
तिथं पेनानं, बारीक अक्षरात लिहिलं:
सोयरू वेळीप. हो.

पणजीला भिंग असेल तर वाचतील.