दार लावणारी

सेमिनरी हिल्सच्या उतारावर, जिथे मुरूम उघडा पडलाय
आणि कुंपणाची तार गंजून मातीच्याच रंगाची झालीये,
तिथून या दोघी आल्या.
एकाच सकाळी, एकाच जाळीत, तुरीच्या फुलांवरून.
दोघी तपकिरी, दोघींच्या पोटावर फिके पट्टे,
मागच्या पायांवर पिवळी धूळ,
जशी हळदीच्या घरून परतलेल्या बायांच्या हातांना.

यांना पोळं नाही, राणी नाही, मध नाही.
प्रत्येकीचं आपलं बीळ, आपली माती, आपली लेकरं.

तीन हिवाळे घातले मी त्यांच्यावर.
डोळ्याच्या कडेला मखमली खळगा असतो,
त्याची रुंदी मोजली.
तोंडावरचे टोचे मोजले, सुईने गोंदल्यासारखे:
हिचे दाट, तिचे जरा विरळ.
पण 'जरा' प्रबंधात चालत नाही.
पंखातली दुसरी खोली पाहिली,
शीर तिच्या भिंतीला कुठे येऊन मिळते ते पाहिलं.
केसांचा रंग केव्हाच सोडून दिला.
डिसेंबरात तांबूस असलेली फेब्रुवारीच्या उन्हात
कुणाचीही कुणीही होते.

ओळखतक्ता म्हणतो,
खळगा रुंद असल्यास सतरावर जा,
नसल्यास एकोणिसावर.
एकोणिसावर गेलं की म्हणतो,
शेजारी दुसरी जात ठेवून तुलना करावी.
अहो, दुसरी आहे की नाही
तेच तर विचारतेय.

सेवकराम धकाते प्रयोगशाळेत काचा पुसतात.
गोळीबार चौकाजवळ वडिलांचा माग होता.
तो विकला तेव्हा हे सहावीत,
पण सूत ओठांवरून फिरवून अजून सांगतात
ऐंशीचं की शंभरचं.
दुपारी डबा घेऊन त्याच उतारावर बसतात.
त्यांना कधी काही विचारावं, मला सुचलंच नाही.
एकदा स्लाइडवर फुंकर मारता मारता तेच म्हणाले,
"मॅडम, तुम्ही नुसते केसं पाहून राहिल्या.
ह्या दोघी येगळ्याच आहेत ना बाप्पा.
एक जाताना दार लावते.
दुसरी तसंच टाकून जाते."

दुसऱ्या दिवशी मी मुरमावर पालथी पडले.
हनुवटीला खडे, पाठीवर ऊन,
फिरायला आलेले एक काका थांबून म्हणाले, काही हरवलं का?
मी हो म्हटलं.
पाऊण तासाने एक बाहेर आली, वळली,
डोक्याने माती आत ढकलली, कण कण,
पोटाने थोपटलं, आणि गेली.
तिथे बीळ होतं हे मलाही सांगता येईना.
वीतभर अंतरावरची दुसरी
सरळ उडाली. मागे वळूनही नाही.

अकरा बिळांपाशी मी बांगडीच्या काचा खोचल्या.
सहा बंद, पाच उघडी.
संध्याकाळी भिंगाखाली टोचे मोजले:
उघड्या दारांच्या पाचही विरळ,
बंद दारांच्या पाच दाट.
आणि एक, दार लावणारी, तरीही विरळ.
तिच्यावर मी तीनदा जेवण विसरले.

बाकीच्यांची लेबलं झाली.
नागपूर. सेमिनरी हिल्स. उंची. तारीख. तुरीवर.
टाचणीखाली नखाएवढा कागद,
त्यावर दाराला जागा नाही.
आणि टाचणीवरची माशी कुठे निघालेलीही नसते.
शंभर वर्षांनी कुणी हा खोका उघडेल,
टोचे मोजेल, 'जरा'पाशी अडखळेल,
त्याला धकाते कुठून मिळायचे?

अकरावीला वेगळ्या डबीत ठेवलंय.
नाव नाही, म्हणून तूर्त पेन्सिलने लिहिलं: धकाते ?
सकाळी डब्या पुसताना त्यांनी ते वाचलं.
चष्मा काढून पुन्हा वाचलं.
"मॅडम, हे प्रश्नचिन्ह पुसून टाकू काय?"
म्हटलं, नका, राहू द्या.
मग ते डबीच्या कडा पुसत राहिले, बराच वेळ,
अक्षरांना फडकं लागू न देता.