मागाच्या खोलीत

माग गेला त्या दिवशी
भंगारवाल्यानं चार बोल्ट तेवढे सोडले,
फरशीत रुतलेले.
तीन महिने मी त्यांच्याभोवती केर काढला.
खोली उगाचच मोठी,
आणि एवढ्या शांततेचं काय करायचं
ते कानाला कळेना.

मग एका बुधवारी कोथिंबिरीची जुडी
तीस रुपये झाली.
कारण एवढंच. मोठं काही नव्हतं.

खडे बाजारातून बियांची पुडी आणली.
पुडीवरच्या सूचना कानडीत.
मी ‘कोत्तंबरी’ वाचलं, ‘नीरु’ वाचलं,
मधलं सगळं सोडून दिलं.
कुंद्याचे दोन डबे, डिस्टेंपरची बादली,
बुडाला तापल्या सळीनं भोकं,
वडगावच्या शिवारातली काळी माती दाबून भरली,
धणे अख्खेच टाकले
आणि दोन वेळा पाणी,
पंगतीत आग्रह करावा तसं.

आठवड्यात माती सिमेंट.
वर पांढरी बुरशी, भोवती चिलटं.

भिंतीपलीकडची नीलव्वा आली,
मातीत बोट खुपसलं दुसऱ्या पेरापर्यंत.
‘काय गे, भात लावूलीस काय डब्यात?’
हसली. मग खाली बसली, बोल्टावर पदर अडकला तो सोडवला
आणि सांगत गेली,
निम्मं तिच्या भाषेत, निम्मं माझ्या:
धणे चपलेखाली रगड, दोन फाका होऊ देत,
रात्रभर भिजव.
मातीत निम्मा तूस घाल,
येळ्ळूरच्या गिरणीत मागितला की पोतं भरून देतात,
वर मूठभर शेणखत.
आणि बोट कोरडं निघालं तरच पाणी.
‘नाहीतर नको. तू विसर. विसरलेलं चांगलं.’

मेथी तिसऱ्या दिवशी वर आली.
पुदिना तर नुसत्या काडीचा,
पेल्यात ठेवला, त्याला पांढरी मुळं सुटली.
रिकाम्या बॉबिनींवर मी नावं लिहून खोचली,
नीलव्वानं पाठीमागून तिच्या अक्षरात:
मेथीची मेंत्या झाली,
पानओव्याचं दोड्डपत्रे.
पुदिना दोन्हीकडून पुदिनाच.

पण आभाळ उघडेना.
बेळगावच्या त्या चार महिन्यांत खिडकीत
उजेडाची नुसती शंका येते.
रोपं तिकडेच मान करून लांबत गेली,
फिकट, लुळी.
मी रोज डबे फिरवायची,
ती रोज परत वळायची.

हे इतके दिवस खोलीत फिरकले नव्हते.
चहाही बाहेरच्या कट्ट्यावर.
त्या रात्री दारात उभे राहिले,
चष्मा वर केला, म्हणाले,
‘सूत बारीक पडलंय.’

मग स्टूल आणलं.
छताला ती ट्यूब तशीच होती,
जिच्याखाली बावीस वर्षं
ताण्यातला तुटका धागा शोधला.
दोन्ही टोकांना सुतळी बांधून खाली घेतली,
डब्यांच्या वर वीतभर.
‘कामाला उजेड जवळ लागतो,’ एवढंच बोलले.
सकाळी सहाला लावतात, रात्री आठला बंद.
दिवसपाळी, मी म्हणते. ते हसत नाहीत.
पण सहाला उठतात.

आता पानं जाड झालीत.
उपटायचं नाही, वरून कापायचं,
खाली दोन पानं राखून.
ते धागा कापायची बारकी कात्री वापरतात,
जी भंगारात द्यायची राहिली
की त्यांनीच ठेवून घेतली होती,
मी विचारलं नाही.

काल आमटीवर घातली आमची कोथिंबीर,
चिमूटभरच.
एक वाटी नीलव्वाकडे गेली,
वाटी परत आली ती लसणीच्या पाकळ्या घेऊन,
कोंब फुटलेल्या,
म्हणजे त्याही पेरायच्या.

मोहरीचा डबा मात्र अजून रिकामाच.
दोनदा पेरली, आली नाही.
का, ते नीलव्वालाही ठाऊक नाही.
ट्यूब त्याच्यावरही असते.