विसर्ग

खासबागेत, मागांच्या खडखडाटाला लागून
पत्र्याची एक लांबट शेड.
सोळा हातांचं टेबल, त्यावर ताणलेलं भगवं कापड,
दस्तगीरमामा चौकट ठेवतो, रबर ओढतो,
उचलतो, पुढं ठेवतो, ओढतो.
दर खेपेला डाळिंबी शाईत
एक नमः शिवाय ओला होऊन उठतो.

मी कातरवाली.
वाळलं की तागा माझ्या मांडीवर येतो
आणि मी त्याच्या शाली करतो.
(करतो-च म्हणतात इथं बायका.
पुण्याची जाऊबाई हसली होती एकदा,
मी म्हटलं, कापताना हात बाई-बुवा बघत नाही की.)

गंगव्वानं शिकवलं होतं :
चार बोटं कोरी जागा असते दोन शालींच्या मधे,
तिथंच कातर घालायची.
अक्षर तुटलं नाही पाहिजे.
सुताचा तुकडा पुसायला चालतो, नावाचा नाही.
बाईला वाचता येत नव्हतं काही.
बोटानं शाईचा उंचवटा चाचपायची,
जिथं कापड गुळगुळीत लागेल
तिथं म्हणायची, हां, इथं देव श्वास घेतोय, काप.

यंदा श्रावणाच्या तोंडावर
संकेश्वरच्या पट्टणशेट्टींनी नवीन चौकट करून घेतली.
एक ओळ आपली, एक ओळ कन्नड,
एक आपली, एक कन्नड,
म्हणजे चंदगडकडच्या देवळात खपतील
आणि हुक्केरीकडच्याही.
मामानं दोन रात्री बसून चौकट केली.
त्याला दोन्ही येतात, तिसरीही येते,
पण नजर त्याची एकाच गोष्टीवर :
‘यमनक्का, दोन टिंबं आलीत का बघ.
नमः-ची टिंबं बुजतात लवकर.
भोक बारीक, शाई दाट.’

मी बघितलं.
कन्नड ओळीतली टिंबं जराशी पोकळ, पाण्याच्या थेंबासारखी,
आपली भरीव, मोहरीसारखी.
बाकी सगळी वळणं वेगळी,
दोघांत सारखं म्हणावं असं एवढंच :
एकाखाली एक, दोन.

अडीचशे वार छापून झाल्यावर कळलं
कोरी जागा सोडलेलीच नाही.

चार बोटं नाही, एक बोटही नाही.
य संपतो तिथं ॐ टेकलेला,
जत्रेत माणसाला माणूस टेकतं तसा.
मालक आले, बघून गेले,
चहा न घेता गेले.
पट्टणशेट्टींचा टेम्पो सकाळी येणार.
मामा बिडी न पेटवता नुसती फिरवत बसला.

तसं, रेघ कुठंही ओढता येते.
माझ्या माहेरी शेत एकीकडं, खळं दुसरीकडं,
आणि तलाठी दोन.
ज्यानं ओढली
त्यानं बोटानं चाचपून बघितलं नसणार.

रात्री दिव्याखाली तागा पसरला.
ॐ वर कातर ठेवली, उचलली.
शि वर ठेवली. नाही.
वा ची पोट फाटेल, य चा पाय जाईल.
शेवटी टिंबांवर आलो.
सगळ्या ओळींत टिंबं एका उभ्या रांगेत होती,
दोन्ही लिप्यांची,
वरपासून खालपर्यंत शिवणीसारखी.
कमीत कमी तुटेल ते इथं.

कापलं.
आवाज नेहमीचाच झाला, कर्र, काही वेगळा नाही.
मग दोन्ही काठ दुमडून, एकदा, पुन्हा एकदा,
हातानं टीप घातली.
अर्धी टिंबं आत गेली,
कापडाच्या घडीत, कापडाला तोंड लावून.
पहाटेपर्यंत तेवीस झाल्या. मग यल्लुबाई आली मदतीला.

टेम्पो वेळेवर आला.
पट्टणशेट्टींनी एक शाल खांद्यावर टाकून बघितली,
काठ छान केलाय म्हणाले यंदा, दर तोच ना?

मामा तेवढा उभा राहिला ढिगाजवळ.
चश्मा वर, बोट काठावरून हळू सरकवत,
गंगव्वा चाचपायची तसं.
एके ठिकाणी थांबला.
शिवणीच्या आत काहीतरी मोहरीएवढं.
माझ्याकडं न बघता म्हणाला,
‘आहे की आत.’

आणि चौकट धुवायला नळाकडं गेला.