सात तारा

आमच्या कुंपणाला सात तारा.
वरून दुसरी सगळ्यात खोडकर, बाबा म्हणतात,
थंडीत आखडते, जानेवारीत पोट सोडते.
जानेवारी म्हणजे इकडे भर उन्हाळा,
दुरास्नोच्या माळावर तेव्हा सावली फक्त खांबांची,
एका माणसापुरती, तीही उभ्याने.

खांब न्यांदुबाय लाकडाचे, आजोबांनी पुरलेले.
आजोबा गेले, त्यांची घोडी गेली,
पहार झिजून वीतभर उरली,
खांब तसेच.
लाकूड कसलं, नुसता हट्ट.

बाबा पक्कड तारेवर आपटतात
आणि थांबतात.
चाळीस वर्षं ते असेच कानाने कुंपण वाचत आले:
टणत्कार उठला तर पुढे चला,
खोकली तर कुठेतरी पीळ सुटलाय,
काहीच बोलली नाही
तर शेजारच्या विल्मारचा बैल
आपल्या गाईंत पाहुणा आलाय.

आता मला विचारतात, "काय म्हणते?"
उजवा कान गेला, डावा जायच्या तयारीत.
भाऊ स्पेनला.
म्हणून मी, मोन्तेविदेओत दातांच्या दवाखान्यात
पावत्या फाडणारी निदिया,
महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बसने येते,
तारांचं म्हणणं बाबांच्या कानी घालायला.

"ढिली!" मी ओरडते.
ते पाना अडकवतात. एक पीळ. दोन.
"अजून?"
"अजून!"
काखेत मातेचा थर्मास, तो काही खाली ठेवत नाहीत.

मी नऊ वर्षांची असताना
याच तारांवर वीज उतरली आणि ओढ्यापर्यंत धावत गेली.
सकाळी अकरा वासरं कुंपणाशी आडवी,
एका ओळीत,
कुणी मोजायला लावून ठेवल्यासारखी.
कुंपणच शेत खातं ते कधी कधी असंही.
बाबा कुणाशी बोलले नाहीत. खड्डे खणले.
मग दर दहाव्या खांबाशी एक लोखंडी सळई ठोकली,
आभाळाला जमिनीत उतरायला वाट.

चौदावा खांब भावाने बसवलेला, निलगिरीचा.
सहा वर्षांत बुडाशी भुसा झाला.
पण डोक्यावर ओर्नेरो पक्ष्याने मातीची भट्टी बांधलीय,
दार वाऱ्याकडे पाठ करून.
बाबा म्हणतात, पुढच्या महिन्यात काढू.
मागच्या महिन्यातही म्हणाले होते.
तोवर शेजारी नवा खांब पुरून
जुना त्याला तारेने बांधलाय,
आणि आम्ही दोघं तिथून जरा हळू चालतो.

आज उशीर झाला. सहाची बस.
ओढ्यालगतची पाचवी तार खोकली, चक्क खोकली,
आणि मी म्हणाले, "गाते."

बाबांनी हातमोजा काढला.
तळवा तारेवर ठेवला, नुसता ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि माझ्याकडे पाहिलं.
मग पाना घेतला. एक पीळ. पुन्हा तळवा. अर्धा पीळ.

पलीकडे विल्मारचा बैल रवंथ थांबवून बघत होता.

मी बॅग खांबाला अडकवली.
बाबा पुढच्या खांबापाशी गेले,
पक्कड आपटली,
मान तिरकी केली, जाणाऱ्या कानाची बाजू माझ्याकडे:
"काय म्हणते?"