साडेअकरा

चिंबोटे बंदरातून रात्री दोनला निघालो.
धुकं इतकं, की डोलकाठीवरचा दिवा
स्वतःपुरताच जळत होता.
बोटीचं नाव 'ला तेर्का', म्हणजे हट्टी.
माणसं चौदा,
आणि पंधरावी मी,
सरकारची बाई, फळी घेऊन आलेली.

फळी म्हणजे हातभर लाकूड,
त्यावर पट्टी, आणि बारा सेंटिमीटरवर लाल रेघ.
मासा डोक्यानं टेकवायचा, शेपूट सरळ करायची,
वाचायचं, लिहायचं.
पट्टी अर्ध्या-अर्ध्याची. मधलं काही मोजत नाहीत.
बाराच्या आत असेल तर ते पोर.
शंभरात दहाहून जास्त पोरं निघाली
तर समुद्राचा हा तुकडा पाच दिवस बंद,
सगळ्यांनाच.

पहाटे जाळं वर आलं.
लोक चांदी म्हणतात.
मला ते उकळत्या पाण्यासारखं दिसतं.
जाड नळी आत सोडली, पंप धापा टाकायला लागला,
बोटीच्या पोटात आंचोवेता घरघरत जाऊ लागली.
मी बादली मागितली.
बादली देताना एलेउतेरिओ माझ्याकडे न बघता म्हणाला,
"वरवरचे घे, बाई. वरचे बरे असतात."

मी तळाचे घेतले.

एकशे ऐंशी मासे मोजायला पाऊण तास लागतो.
साडेतेरा. तेरा. साडेबारा. अकरा.
बोटं बधिर होतात, खवले नखांत शिरतात,
आणि चौदा माणसं कामात असल्यासारखी
पाठीमागून पेन्सिलीचा आवाज ऐकत राहतात.
अकरा. अकरा. साडेदहा.

कप्तान ओक्तावियानो कॉफी घेऊन आला.
माझ्या बापाबरोबर एका बोटीवर होता हा.
मासळीचं काहीच बोलला नाही.
एवढंच, की धाकटीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे,
आणि कॉफीत साखर कमी पडली असेल तर सांग, नेलिदा.

तोवर अठरा पोरं झाली होती.
अठरापर्यंत चालतं.
एकशे एकाहत्तरावा मासा रेघेला टेकेना.
केसभर.

ओला मासा अंगठ्यानं दाबला की लांबतो.
हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही
आणि सगळ्यांना माहीत असतं.
मी दाबला.
तो बारा झाला.

आई मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात होती.
चिमण्यांतून धूर निघाला की गावभर दुर्गंधी,
आणि लोक खोल श्वास घेऊन म्हणायचे, पैशाचा वास.
मग एका वर्षी मासा आलाच नाही.
पेलिकन बाजारात पायी आले,
टपऱ्यांखाली बसले, तिथंच मेले.
त्या वर्षी गावाची हवा स्वच्छ झाली.
आई म्हणते, इतकी स्वच्छ हवा
पुन्हा नको.

मला त्या वेळी हे सगळं आठवलं, असं नाही.
हे नंतर, घरी.
त्या वेळी फक्त अंगठा दुखला
आणि मी तो उचलला.
मासा आखडला.

बोटीवर सगळ्यांच्या तोंडावर बारा वाजलेले
आणि माझ्या कागदावर साडेअकरा.

उरलेल्या नवांत आणखी दोन निघाली.
मोजून झालेली बादली मी पुन्हा नळीपाशी ओतली,
ती वीस पोरंही त्यातच.
ती काही वाचली नाहीत.
वाचली असतील तर दुसरी कुठली तरी, खाली,
ज्यांना मी कधी फळीवर धरणार नाही.

संध्याकाळी रेडिओवर हुकूम आला.
आकडे वाचणाऱ्या आवाजात
कुणाचंच नाव नव्हतं.
आम्ही अर्ध्या पोटानं परतलो, बोट आणि माणसं.
कप्तानानं कॉफीचा कप माझ्या हातून घेतला,
धुतला, खिळ्याला उलटा टांगला.

धक्क्यावर उतरताना एलेउतेरिओनं
माझी फळी मागून घेतली,
गोड्या पाण्यानं धुतली,
लाल रेघेवरचे खवले नखानं खरवडले,
आणि दोन्ही हातांनी परत दिली.

ते काय म्हणून,
मी अजून विचारलेलं नाही.